आधी दोरा

१२ मे

आत्या,

आधी 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग वाटलं, तसं लिहिलं तर तुम्ही हे पत्र शाळेतल्या निबंधासारखं तपासायला घ्याल. म्हणून कागद बदलला.

मी तुमच्या दादाची मुलगी. तुम्ही घर सोडलंत तेव्हा मी वर्कशॉपच्या टेबलाखाली पत्र्याचे तुकडे गोळा करत बसले होते आणि तुमच्या चपलेचा पट्टा सोडत नव्हते म्हणे. मला काही आठवत नाही, आईला आठवतं. हा पत्ता तिनेच दिला. नंबरही होता तिच्याकडे, पण फोन कसा, 'राँग नंबर' म्हणून ठेवून देता येतो. पत्र निदान उघडावं तरी लागतं.

मुद्द्यावर येते. मला कॉम्प्युटेशनल सायन्सची पदवी करायची आहे. तीन कॉलेजांत जागा मिळतेय आणि जूनअखेर त्यातल्या एकाला हो म्हणायचंय. तिसरं कॉलेज तुमचं आहे, तुम्ही शिकवता ते.

हे म्हणजे कॉम्प्युटर सायन्स नव्हे, असं सांगून सांगून माझी जीभ झिजली. शेजारच्या शिंपीणबाई अजून विचारतात, "मग माझा लॅपटॉप दुरुस्त करशील ना गं?" मी म्हणते, लॅपटॉप म्हणजे माझी पाना-पक्कड. काम वेगळंच आहे. वारा, पाणी, उष्णता, साथीचा रोग, जे जे वाहतं आणि पसरतं त्याचं गणित मांडायचं, यंत्राकडून सोडवून घ्यायचं आणि पुढे काय होणार ते आधीच सांगायचं. आई म्हणाली, "म्हणजे गणित, विज्ञान आणि कॉम्प्युटर, तिघांचा एक संसार. दोघांचा धड होत नाही, तिथे तिघांचा!"

हे खूळ कुठून आलं तेही सांगते. गेल्या वर्षी बाबांनी एका पाव-बेकरीत भट्टीच्या खोलीतली गरम हवा काढायला डक्ट बसवले. पत्रा कापला, वाकवला, छताला टांगला, आणि शेवटी हवा ओढली जाते का ते बघायला काठीला बांधलेला दोरा जाळीपाशी धरला. तुम्हाला माहीतच आहे, आमच्याकडे दोरा लावल्याशिवाय काम पुरं झालं असं कुणी म्हणत नाही. दोरा मेल्यासारखा लोंबला. सगळं उतरवलं, नव्याने केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कुठे दोरा उडाला. घरी आल्यावर बाबांचे खांदे वर होईनात. आईने त्यांच्या अंगातला शर्ट उतरवून दिला. तेव्हा माझ्या मनाने घेतलं, की पत्रा कापायच्या आधीच हवा कुठे जाईल ते कळायला पाहिजे.

तर, तुमचं कॉलेज कसं आहे? जाहिरातीतलं नको, खरं सांगा. मी तुम्हाला लिहितेय हे बाबांना माहीत आहे. त्यांची हरकत नाही.

तुमची भाची
(बाबा मला मोजपट्टी म्हणतात. प्रत्येक गोष्टीत 'किती?' विचारते म्हणून.)

२३ मे

आत्या,

तुझं पत्र आलं. 'अहो-जाहो पुरे, मी काही तपासनीस नाही' असं लिहिलंस, म्हणून आता सरळ तू.

पकडलंस मला. बाबांना काही माहीत नव्हतं. 'दादाची हरकत नसती तर त्याने पाकिटावर पत्ता स्वतः घातला असता, दुसऱ्याचं अक्षर त्याला चालत नाही' हा तुझा तर्क वाचून आई इतकी हसली, की कपातला चहा बशीत सांडला.

मग मी बाबांना सांगून टाकलं. ते पत्रा कापत होते. कात्री थांबली नाही. म्हणाले, "ते एक सोडून कुठलंही घे." मी विचारलं, का? म्हणाले, "विषय संपला." आमच्या घरात तुझ्या विषयावर पत्रा ठोकलाय, आत्या. तुझं नावही कुणी घेत नाही. फार झालं तर बाबा 'ती दुसरी' म्हणतात, आणि तेही वर्षातून एकदा, वार्षिक सफाईत, त्यांची जुनी दोऱ्याची काठी सापडत नाही तेव्हा. "ती दुसरी असताना वस्तू जागेवर असायच्या," असं म्हणून बुटक्या काकांवर उखडतात. आजोबांच्या वेळचे बुटके काका, तुला आठवत असतील. काठी त्यांनीच हरवली असं बाबांनी ठरवून टाकलंय. दरवर्षी काका शपथा घेतात आणि दरवर्षी बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

भांडण काय होतं ते मला आईकडून कळलं. तू शिकायला जाते म्हणालीस, बाबा म्हणाले हवा हाताला कळते, पुस्तकाला नाही. तू म्हणालीस, तुझा हात थकला की मग काय करशील? बाबा म्हणाले, गेलीस तर वर्कशॉपची पायरी चढू नकोस. तू गेलीस, आणि चढली नाहीस. दोघंही एकाच मापाच्या पत्र्यातून कापलेले!

तुझा सल्ला मात्र मी शब्दशः पाळला. 'माझ्यासाठी माझ्या कॉलेजात येऊ नकोस. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट माग: तुमचं एखादं चुकलेलं उत्तर दाखवा.' पहिलं कॉलेज गावातलंच, घरापासून चालत जाण्यासारखं. बाबांचा जीव त्याच्यात अडकलाय. काल ते स्वतः माझ्यासोबत आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

कॉलेज चकाचक आहे. टाय लावलेल्या एका दादाने आम्हाला फिरवलं. मी विचारलं, "तुमचं चुकलेलं उत्तर बघायला मिळेल का?" तो म्हणाला, "आमच्याकडे चुका होत नाहीत, मॅडम." मग त्याने रांगेत मांडलेले नवेकोरे कॉम्प्युटर दाखवले. त्यांच्या पडद्यांवरचं प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. अभ्यासक्रम पाहिला तर कॉम्प्युटर सायन्सचेच विषय, वर पाटी फक्त बदललेली. तीन वर्षांत विज्ञानाची एकही प्रयोगशाळा नाही.

शेवटी सभागृहात भाषण होतं. बाबा माझ्या शेजारी बसले, इकडे-तिकडे बघितलं, आणि सवयीने हात वर करून हवेच्या जाळीखाली धरला. बराच वेळ धरला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना हे कॉलेज हवं होतं, आत्या, मनापासून हवं होतं. तरी बाहेर आल्यावर म्हणाले, "मागच्या रांगांना हवाच नाही. एवढी पोरं कोंबतात आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही."

जिंकत असताना गप्प बसावं, एवढी अक्कल मला आहे.

तुझी
मोजपट्टी

३ जून

आत्या,

दुसरं कॉलेज पाहून आले. या वेळी आई बरोबर होती.

तू म्हणालीस तसंच निघालं. जुनी इमारत, पंखे कुरकुरतात, पण गणित पक्कं. तिथल्या गणिताच्या बाईंनी माझा प्रश्न ऐकला आणि चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या, "कुणाचं दाखवू? माझंच दाखवते." एका नदीच्या पुराचं उत्तर होतं. त्यात पाणी डोंगर चढून गेलं होतं. बाई स्वतःच खो-खो हसल्या. "गणित बिनचूक होतं बरं का, मी फक्त नदीला उतार द्यायला विसरले." आईला त्या इतक्या आवडल्या की निघताना तिने त्यांना घरीच बोलावलं.

तू याच कॉलेजला 'डोळे झाकून हो म्हण' लिहिलंयस. पण डोळे झाकून हो म्हणणाऱ्यातली मी नाही, आणि तू तरी कुठे होतीस? तिथे गणित आहे, चांगली माणसं आहेत, पण तपासायची सोय नाही. पडद्यावर हवा डावीकडे गेली तर ती खरंच डावीकडे जाते का, हे बघायला काहीच नाही. मी विचारलं तेव्हा बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "त्यासाठी आम्ही दुसऱ्यांच्या मोजमापांवर विसंबतो. स्वतः मोजायचं असेल तर तिकडे जा." आणि हात करून तुझ्या कॉलेजाचं नाव घेतलं. आता बोल.

मला तुझंच कॉलेज हवंय. तू तिथे आहेस म्हणून नाही. बरं, थोडंसं म्हणून. पण तू उद्या नोकरी सोडलीस तरी हवंय.

परवा बाबांशी समोरासमोर बोलले. मला वाटलं होतं आवाज चढेल. चढला नाही, तेच वाईट. ते हातमोजे काढत म्हणाले, "पत्रा कापायच्या आधी हवा कळली, की मग मी काय करायचं?" मी म्हटलं, "तीनदा कापायच्या जागी एकदा कापायचा." ते म्हणाले, "तीसुद्धा असंच बोलायची. गेली ती गेलीच. तूही जाशील."

म्हणजे हे असं आहे, आत्या. त्यांना कॉलेजचा राग नाही, विषयाचा नाही, आणि मला वाटतं आता तुझाही नाही. मी परत येणार नाही याची भीती आहे. मला हे ऐकून रडू आलं, पण मी रडले नाही, कारण रडले असते तर ते हरले असते आणि मला त्यांना हरवून जायचं नव्हतं. भांडून गेले तर तुझ्यासारखं होईल, आणि न जाता राहिले तर मी आयुष्यभर त्यांच्याकडे वाकड्या डोळ्याने बघेन. दोन्ही नको.

म्हणून मी त्यांचाच नियम काढला. वर्कशॉपमध्ये नवा कुणी 'हे चालणार नाही' म्हणाला की बाबा काय म्हणतात? "आधी दोरा, मग गप्पा." मी म्हटलं, "बाबा, दोरा न लावताच तुम्ही त्या कॉलेजला नापास केलंत. बुटक्या काकांनी असं केलं असतं तर चाललं असतं?"

बुटके काका कोपऱ्यात पत्र्याला छिद्रं पाडत होते. ते म्हणाले, "मी केलं असतं तर माझं डोकं फोडलं असतं."

बाबांनी हातमोजे पुन्हा चढवले. मग म्हणाले, "एकदा बघून येऊ. बघायला काय जातंय."

पुढच्या शनिवारी येतोय. तू असशील ना?

मोजपट्टी

१६ जून

आत्या,

तू नव्हतीस.

'अचानक बाहेरगावी परीक्षेचं काम निघालं' हा निरोप तुझ्या विद्यार्थिनीने अगदी पाठ केल्यासारखा म्हटला. पळालीस ना? पळालीस तर पळालीस. पण मग तुझ्या प्रयोगशाळेत काय झालं ते तुला माझ्याकडूनच ऐकावं लागेल, आणि मी काही गाळणार नाही.

बसमध्ये बाबा अख्खा रस्ता खिडकीबाहेर बघत होते. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "मी बाहेर थांबतो, तू बघून ये." मी म्हटलं, "बाहेरून दोरा लागत नाही." मग आले, मागे हात बांधून.

मी तोच प्रश्न विचारला. तुझ्या विद्यार्थिनीने, त्या कुरळ्या केसांच्या, भिंतीकडे बोट दाखवलं. अख्खी भिंत चुकलेल्या उत्तरांची! प्रत्येकाखाली नाव आणि 'का चुकलं' ते एका ओळीत. सगळ्यात वर तुझं. बाबांनी ते वाचलं. वाचून पुढे गेले नाहीत, तिथेच उभे राहिले. मला वाटतं, तू चुकलीस असं तुझ्या अक्षरात लिहिलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

मग तो वाऱ्याचा बोगदा. काचेची लांब पेटी, एका टोकाला पंखा. कुरळीने आत एक लाकडी ठोकळा ठेवला आणि बाबांना विचारलं, "काका, ठोकळ्याच्या मागे हवा कशी जाईल? सगळ्यांनाच विचारतो आम्ही." बाबा आजवर न चुकलेल्या माणसाच्या थाटात म्हणाले, "वरून जाईल आणि सरळ निघून जाईल." तिने पडदा दाखवला. प्रयोगशाळेच्या गणितात हवा वरून जाऊन मागे खाली वळत होती आणि ठोकळ्याकडे उलटी येत होती. बाबा हसले. "तुमच्या चित्रात येत असेल." ती म्हणाली, "बघू या की. आधी दोरा."

आत्या, बाबांचा चेहरा मी आता तुला सांगू शकत नाही. ते शब्द त्यांनी परक्या गावात, परक्या मुलीच्या तोंडून ऐकले. तिने खुंटीवरची काठी काढली, पेटीच्या वरच्या फटीतून आत घातली, आणि दोरा ठोकळ्यामागे उलटा फिरला. अगदी चित्रातल्यासारखा.

"परत लाव," बाबा म्हणाले. परत तेच. "पंखा वाढव." तरी तेच. मग ते वाकून, काचेला नाक लावून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "बेकरीत हेच झालं. भट्टीच्या मागून गरम हवा परत येत होती. मी दोन वेळा पत्रा फुकट घालवला." कुरळीला काहीच कळलं नाही. मला कळलं.

आणि मग त्यांनी काठी मागून घेतली.

ब्रशचा जुना दांडा. टोकाजवळ दोरा घसरू नये म्हणून कापलेली खाच. तशी खाच फक्त बाबा कापतात. दुसऱ्या टोकाला दातांचे व्रण. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "विचार करताना चावायची," ते म्हणाले. एकदम ओरडले, "चोर! माझी काठी घेऊन पळाली! आणि मी इतकी वर्षं त्या बिचाऱ्या बुटक्याच्या नावाने शंख करतोय!"

सगळी प्रयोगशाळा बघायला लागली. कुरळी घाबरून म्हणाली, "काका, ती मॅडमची आहे, त्या कुणाला हात लावू देत नाहीत, आम्हालाही फक्त दोरा लावण्यापुरतीच देतात." बाबा म्हणाले, "माझी आहे. मी कापलीय." आणि खाली स्टुलावर बसले. डोळे पुसायला खिशात रुमाल सापडेना, मी दिला. माझ्या बाबांना मी पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि मला मुळीच लाज वाटली नाही.

काठी त्यांनी आणली नाही. आधी दोरा तपासला. "लोकर लावलीय. लोकर जड पडते, मंद हवेत खोटं बोलते." कुरळीकडून शिवणाचा रेशमी दोरा मागून घेतला, बांधला, आणि काठी स्वतःच्या हाताने खुंटीला परत लावली.

तू परत आलीस की गाठ बघ. ती कुणाची आहे ते तुला सांगायला नको.

मोजपट्टी

२९ जून

आत्या,

सोमवारी तू वर्कशॉपमध्ये फोन केलास, त्यातली तुझी बाजू तुला माहीत आहे. बाबांची बाजू अशी होती: "हं." मग "हं." मग "लोकर कधी वापरायची नसते, शिकवलं होतं तुला." मग "जेवलीस का?" मग फोन ठेवला आणि बुटक्या काकांपुढे जाऊन म्हणाले, "काठी सापडली." काका म्हणाले, "मी नव्हतो ना?" बाबा म्हणाले, "नव्हतास." बुटके काका तेव्हापासून छाती काढून हिंडतायत. कालपासून तर बाबांनाच कामाला लावतात.

बाबांनी मला एक नवी काठी कापून दिली आहे. खाच बरोब्बर तशीच. म्हणाले, "चावू नकोस. आणि दर सुट्टीत इथे येऊन तुझं गणित माझ्या कामावर लावून दाखवायचं. खरं निघालं तर तसा पत्रा कापीन. खोटं निघालं तर वर्कशॉपच्या भिंतीवर लावीन, तुझ्या नावासकट." भिंत रिकामीही केली आहे. मी म्हटलं, तुमचीही चुकलेली कामं लावायची. म्हणाले, "भिंत पुरायची नाही."

तुला मी घरात आत्या म्हणणार आणि वर्गात मॅडम. माझी उत्तरपत्रिका तू तपासायची नाहीस, हे मी तुमच्या विभागप्रमुखांना आधीच कळवलंय. तू तपासलीस तर मला फुकट कमी मार्क पडतील, तुझा स्वभाव मला आता ठाऊक झालाय.

आता आजचं सांगते आणि संपवते. जागा पक्की केल्यावर तुमच्या कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला. बाबांचे दोन्ही हात पत्र्यात होते, म्हणून त्यांनी मला फोन मोठ्या आवाजावर टाकायला लावला. ऑफिसातल्या बाई भराभर विचारत होत्या. वसतिगृह हवं का, रक्तगट कुठला, त्या गावात मुलीचं कुणी जवळचं माणूस आहे का?

"आहे," बाबा म्हणाले, आणि तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आत्या. यंत्र सुरू होतं, तरी सगळ्या वर्कशॉपला ऐकू गेलं.

"नातं?"

"बहीण."

"मुलीची मोठी बहीण का?"

"माझी."

"काका, मला मुलीशी नातं लिहायचंय," बाई म्हणाल्या.

बाबांनी पत्रा खाली ठेवला. यंत्र बंद केलं. मग फोनजवळ वाकून, एका लहान मुलाला समजवावं तसं त्यांना समजावून सांगितलं, "ते नंतर लिहा. आधी ती माझी बहीण आहे."

तुझी
मोजपट्टी